सुरत बघायची राहिली होती

जयभीम
उधना, सुरत
ता. १३ सप्टेंबर १९९४

चि. भाऊ बाजीराव यास,
तुझी थोरली बहीण रंभाबाई हिचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण सख्ख्या भावाशी खोटं कशाला बोलू.

पुराचं पाणी उतरलं. आपल्या गल्लीत खाडीचं पाणी उंबऱ्याला टेकून माघारी गेलं. तापीकाठच्या वस्त्यांत मात्र माणसं पत्र्यावर बसून होती. आता चिखल आहे, मेलेली ढोरं-कुत्री आहेत, आणि वास असा की घास तोंडाशी नेला की हात आपोआप खाली येतो. डास गोधडीतून चावतात.

माझी सून, म्हणजे तुझी लेक छाया, तुझ्याकडे बाळंतपणाला आली तेव्हापासून सगळं घर माझ्या गळ्यात. प्रदीप बारा तास पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलमध्ये. घरी येतो तो कोपरापर्यंत निळा नाहीतर लाल. आणि विशाखा, जी माझीही नात आणि तुझीही नात, तिच्या नववीच्या बाईंनी नवीन खूळ काढलंय. आपल्या शहरातल्या जुन्या जागा स्वतः जाऊन पाहा आणि लिहून आणा. आई नाही, बापाला वेळ नाही. चौदा वर्षांची पोर एकटी कशी सोडू? म्हणून मला जुंपली.

खरं सांगते, बाजीराव, मी सुरत पाहिलेलीच नाही. बावीस वर्षं झाली इथं येऊन. उधन्याचं स्टेशन, भाजीबाजार, आपलं विहार आणि दवाखाना, एवढी माझी सुरत. दोन वर्षांमागे डिसेंबरात दंगलीत शहर पेटलं, तेव्हापासून तर उधना दरवाजाच्या पलीकडे मी पाऊल टाकलं नव्हतं. बसमध्ये पोरीचा हात असा धरला होता की उतरल्यावर तिच्या मनगटावर माझ्या बांगड्यांचे वळ. ती म्हणाली आजी, पळून जाणार नाही मी. मी म्हटलं तुझी भीती नाही गं, मला माझीच भीती आहे, हरवले तर मला कोण शोधणार.

आधी मोगलांची सराई पाहिली. हज करायला जाणाऱ्या लोकांची धर्मशाळा होती म्हणे, मग तिथं तुरुंग झाला, आता तिथं म्युन्सिपालटी बसते. मी विशाखाला म्हटलं, लिही, आजीच्या मते शेवटच्या दोघांत फार फरक नाही. लिहिलं नाही तिने. बापावर गेली आहे, भित्री.

मग म्युझियम. मोठमोठ्या काचेच्या पेट्या, जरीचे शालू, चिनी मातीच्या बरण्या, लाकडाच्या बाहुल्या. त्या बाहुल्यांचे डोळे मला आवडले नाहीत, जिकडे सरकावं तिकडे बघतात. राखण करणारा एक म्हातारा गुजराती होता. आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून म्हणतो, आलात का परत, आता लुटायला काही ठेवलं नाही तुमच्या महाराजांनी. मी म्हटलं भाऊ, आम्ही लुटायला नाही, तुमच्या बायकांची लुगडी रंगवायला आलोय, माझ्या लेकाचे हात बघून जा एकदा. मग हसला आणि बसायला स्टूल दिलं. तेवढ्यात लाइट गेली. काळोख झाला आणि मी अशी किंचाळले की म्हातारा स्टुलाला अडखळत माझ्यापासून दूर पळाला. पोरगी हसून हसून खाली बसली. मला हसू आलं नाही.

छायाला सांग, पाय वर करून झोप आणि पाण्याच्या कळशा उचलू नको. पोरीला अजून दोन ठिकाणी न्यायचं आहे. लोभ आहे तो कमी करू नको, वाढवलास तर माझं काही म्हणणं नाही.

तुझी बहीण
रंभाबाई


निंबखेडे, ता. अमळनेर
ता. १७ सप्टेंबर १९९४

ती. अक्का हिच्या चरणी
बाजीरावचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे संध्याकाळी विहाराच्या पायरीवर वाचलं. तुझं पत्र आलं की आपली सगळी वस्ती जमते, हे तुला माहीत आहेच. या वेळी वरच्या आळीतले दोघे-तिघेही येऊन उभे होते. स्टुलाजवळ आलो आणि मला पुढे वाचवेना, इतकी माणसं हसत होती. प्रमिला म्हणते, नणंदबाई पाटलाच्या कुत्र्याला भ्याल्या नाहीत त्या लाकडाच्या बाहुलीला कशा भ्याल्या. पुढचं पत्र लांब लिही अशी सगळ्यांची मागणी आहे.

छायाची तब्येत बरी आहे. पायांवर सूज आहे. डॉक्टरीण म्हणाली महिनाअखेर किंवा चार दिवस पुढे. विशाखाची फार आठवण काढते. रात्री उठून बसते आणि विचारते, नाना, सुरतेचं काही कळलं का. मी म्हणतो सुरतेत तुझी आत्या बसली आहे, सुरतेचीच काळजी कर.

पंचायतीत मी मेंबर झाल्यापासून कामं वाढली आहेत. तू पत्त्यावर अजून नुसतं बाजीराव लिहितेस, पोस्टमन माझ्याकडे बघून हसतो. बहीण म्हणून नाही तर विहीण म्हणून तरी मान ठेव.

माया आहे तशी राहू दे, रागावलीस तरी चालेल.

तुझा धाकटा
बाजीराव


उधना, सुरत
ता. २० सप्टेंबर १९९४

ग्रामपंचायत सदस्य चि. बाजीराव यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. झालं समाधान? वि. वि.

गेल्या शनिवारी पोरीने मला थडगी बघायला नेलं. माणसं पोरांना बागेत नेतात, पोरं मला मसणात नेतात. कतारगाम दरवाजाकडे गोऱ्या लोकांचं जुनं कबरस्तान आहे, इंग्रजांचं वेगळं, डच म्हणून कोणी होते त्यांचं वेगळं. बाजीराव, थडगी कसली, घुमट आहेत घुमट! जिने, कमानी, गच्ची. साहेब मेल्यावर दुमजली घरात राहतात आणि आम्ही चार माणसं जिवंतपणी दहा बाय दहाच्या खोलीत.

मग आत शिरलो. पूर येऊन गेलेला, जमीन मऊ, गवत छातीएवढं. विशाखा दगडावरची इंग्रजी अक्षरं जुळवून वाचत होती. हा पंचवीस वर्षांचा, ही एकोणीसची, हे मूल आठ महिन्यांचं. बाईंनी वर्गात सांगितलंय, व्यापार करायला आले आणि तापाने पटापट गेले. एवढ्या लांबून बोटीत बसून आले ते तापाने मरायला. तेवढ्यात एका घुमटात कोपऱ्यातलं फडकं हललं. कोणी बेवारशी माणूस झोपला होता, पण मला ते कुठं ठाऊक. मी पोरीला ओढत जी निघाले ती पार रस्त्यापर्यंत. आणि वरून पाऊस.

वेडरोडच्या अंगाला एका गल्लीत वळचणीला उभ्या राहिलो. दारातून एक बाई विचारते, कथाईन उनात? सुरतेच्या त्या टोकाला आपली अहिराणी! मी अमळनेर म्हटलं तशी हात धरून आत घेतलं. इंदुबाई नाव, शिरपूरकडची, नवरा मागावर कामाला. घरात चिखलाची रेघ कमरेपर्यंत. बसायला कोरडी जागा नाही, म्हणून विशाखाला नवऱ्याच्या खाटेवरच बसवलं. तो अंगावर घेऊन पडला होता, पुरात भिजला म्हणाली, खोकत होता. पोरीने त्याला पाणी दिलं, त्याच तांब्यातलं स्वतः प्यायली, त्याला कालचा पेपर वाचून दाखवला. मी काळा चहा प्याले. दीड तास बसलो. आपल्या बोलीत बोलायला मिळालं की माणूस उठत नाही. निघताना तिने विशाखाच्या हातावर गूळ ठेवला.

आता तापीकाठचा किल्ला तेवढा राहिला, तो झाला की माझी सुटका. छायाला सांग, तुझी पोरगी गोऱ्यांची थडगी मोजून सुखरूप घरी आली.

दोन ओळी खरडून पाठवत जा, मला बरं वाटतं, जरी मी तसं म्हणत नसले तरी.

रंभाबाई


उधना
ता. २३ सप्टेंबर १९९४

चि. बाजीराव यास,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

हे पत्र प्रमिलाच्या भावाच्या, उखाच्या हाती देते आहे. तो रेल्वेत खलाशी आहे म्हणून बरं, पोस्टाचा भरवसा उरला नाही.

इथं प्लेग आलाय. तुमच्या रेडिओवर आलंच असेल. वेडरोडला माणसं खोकता खोकता एका दिवसात जात आहेत असं म्हणतात. किती गेली ते कोणी म्हणतं पन्नास, कोणी म्हणतं हजार. खरं काय ते मला माहीत नाही आणि सांगणाऱ्यालाही नाही. मिली बंद. गल्लीतले डॉक्टर शटर ओढून गेले. कॅप्सूल घ्यायला प्रदीप पहाटेपासून लाइनीत उभा आहे. जो तो तोंडाला रुमाल बांधून, ओळखीचा माणूस ओळखू येत नाही. काल आणि आज अख्खी गल्ली डोक्यावर बोजे घेऊन स्टेशनाकडे गेली. गाडीच्या टपावर माणसं आहेत.

आपली आजी सांगायची ना, प्लेगात उंदीर पडले की गाव रानात जाऊन झोपड्या बांधायचं. तेव्हा मला ती गोष्ट वाटायची. आता मी रोज सकाळी मोरीत उंदीर बघते आणि जिवंत दिसला तर बरं वाटतं. असली वेळ आली.

बाजीराव, त्या खाटेचं मी इथं कोणाला बोलले नाही. प्रदीपलाही नाही. विशाखाही बोलत नाही, पण काल बघितलं तर तिने आपला पेला वेगळा ठेवला होता. मी विचारलं नाही. रात्रभर तिच्या श्वासाकडे कान लावून पडले होते. जरा घसा खाकरला की मी उठून बसते.

आम्ही रविवारच्या गाडीने निघतो, मिळेल त्या डब्यात. तिघंही. तू स्टेशनावर बैलगाडी घेऊन ये. छायाला आत्ताच सांगू नको, आलो की दिसेलच.

घाईत आहे, माया ठेव.

अक्का


निंबखेडे
ता. २४ सप्टेंबर १९९४

ती. अक्कास,
बाजीरावचा जयभीम.

वि. वि. काय लिहू. उखा इथं उभा आहे, रात्रीच्या गाडीला त्याची ड्युटी आहे.

अक्का, येऊ नको.

तुझं वीस तारखेचं पत्र काल दुपारी पोस्टाने आलं. मी न फोडता संध्याकाळी पायरीवर नेलं, नेहमीसारखं. तू म्हणशील बेअक्कल, म्हण. फोडून आधी वाचलं असतं तर. थडग्यांपर्यंत सगळे हसत होते. मग वेडरोड हा शब्द आला. दुपारच्या बातम्यांत तोच शब्द सगळ्यांनी ऐकला होता. माझ्या तोंडाला लागलेलं वाचन थांबेना, खाट, खोकला, तांब्या, सगळं वाचून गेलो. वर बघितलं तर माणसं उठून लांब सरकली होती. माझ्यापासून, अक्का. त्या कागदापासून. एकाने मला तिथंच कागदाला काडी लावायला लावली.

आज पंचायत बसली. सुरतेहून येणाऱ्याला वेशीवर थांबवायचं, शाळेच्या पडवीत आठवडाभर ठेवायचं, तब्येत ठीक असली तर आत घ्यायचं. तिथवर ठीक होतं. मग तुझं नाव निघालं. ज्या बाई आणि मुलगी त्या घरात बसून आल्या त्यांना पडवीतही नको. मी भांडलो. एकटा होतो. शेवटी सरपंच म्हणाला मेंबर, तुमच्या घरात नऊ महिन्यांची पोटुशी लेक आहे, तुम्ही काय म्हणता ते विचार करून म्हणा. मी विचार केला. ठरावावर माझी सही आहे.

छायाला काही सांगितलेलं नाही. रेडिओचे सेल काढून ठेवले आहेत. ती विचारते वस्तीतल्या बायका अंगणात का येत नाहीत.

मला शिव्या दे, पण तिकडेच राहा. पोरीला जप.

बाजीराव


उधना
ता. २६ सप्टेंबर १९९४

बाजीराव यास,
जयभीम.

पत्र पोचलं. प्रदीपला दाखवलं नाही, गाव येऊ देत नाही एवढंच सांगितलं, त्याने कपाळावर हात मारून घेतला. माझ्या मनात आलं ते लिहिते. आपला बाप वेशीबाहेर जन्मला आणि वेशीबाहेर मेला. आपल्या आजीला वेशीवर थांबवायला सही लागत नव्हती. तुला गावाने खुर्ची दिली आणि पहिली मोठी सही कशावर घेतली ते बघ. एवढं बोलले, आता छातीवरचं उतरलं.

दुसरं सांगते. तुझ्या जागी मी असते तर मीही सही केली असती. छायाच्या दारात मीच काठी घेऊन बसले असते. म्हणून तुझ्यावर रागावता येत नाही, आणि याचाच जास्त राग येतो.

काल दुपारी विशाखाला ताप भरला. आधी थंडी वाजली, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते, मग अंग तव्यासारखं. शेजारच्या बाईला, जी कधी साखर मागायला येते, तिला दारातूनच कळलं. तिने लांबूनच सांगितलं, तापाची गोळी दे, अंग गार पडलं की घाम पुसून गाडीत बसव, सगळे तसंच करतात, कोणी कपाळाला हात लावून बघत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी गावी जा, जिथं तुम्हाला ओळखत नाहीत. प्रदीपने गोळी आणली. पोराची हिंमत बघ, बोचकंही बांधलं.

मी गोळी हातात घेऊन बसले. भित्री माझी पोर, ती मला विचारते, आजी, मला झालं असेल तर डब्यात लेकुरवाळ्या बायका असतील ना. मी म्हटलं गप पड. पण गोळी दिली नाही. त्या डब्यात कोणाची तरी छाया असणारच.

मग सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. तुला ठाऊक नाही लोक त्या दवाखान्याला किती भितात. आत गेला तो परत येत नाही, असं पोरंसोरं बोलतात. भिंतीवरून उड्या मारून पेशंट पळाले म्हणे. मीही तेच ऐकून बसले होते. रिक्षा मिळेना. मिलमधली कापडाचे ताके नेण्याची हातगाडी प्रदीपने आणली, तिच्यात पोरीला झोपवलं, मी बाजूने चालले. भर दुपारी सुरतेच्या रस्त्यावर माणूस नाही. मी बावीस वर्षं ज्या गर्दीला भीत होते ती गर्दी कुठं गेली म्हणून मी इकडेतिकडे बघत होते.

दारात पोलीस, आत सगळे तोंड बांधलेले. तरण्या नर्सने विचारलं वेडरोडकडे गेली होती का. प्रदीपने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, खाट, तांब्या, दीड तास. प्रदीप तिथं पहिल्यांदा ऐकत होता. माझा लेक भिंतीला टेकून खाली बसला.

तिला आत घेतलं. रक्त काढलं, थुंकी घेतली. आम्हाला बाहेर फाटकाशी बसवलं. पत्र तिथंच लिहिते आहे, उखा संध्याकाळी येऊन नेईल. छायाला सांगू नको. मला काय वाटतंय ते विचारू नको, लिहायला शिकवणाऱ्या बाईंनी ते शब्द शिकवले नव्हते.

अक्का


उधना, सुरत
ता. ७ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. छाया हिस,
तुझी आत्या रंभाबाई हिचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

उखाने सांगितलं तुला दुसरी मुलगी झाली. मुलगीच का म्हणून कोणी तोंड वाकडं केलं तर त्याचं नाव मला कळव. अंगावर नीट पाज, मेथीचे लाडू खा.

आता बसून वाच. तुझ्या बापाने तुझ्यापासून चोरून ठेवलं ते मी सांगते, कारण तो आता माझ्यासमोर बसलाय आणि त्याची सांगायची हिंमत नाही. विशाखा आजारी होती. प्लेगच्या संशयाने दवाखान्यात होती. आता घरी आहे, सकाळी अर्धी भाकरी आणि वरण खाल्लं, आणि वेणी घालून दे म्हणून माझ्याशी भांडली. तुझा बाप घरावर जप्ती आल्यासारखा खाली बघतोय, म्हणजे हे खरं आहे.

अठ्ठावीस तारखेला सकाळी मी दवाखान्याच्या फाटकाशी बसले होते. रात्री आतून दोन माणसं पांढऱ्या कापडात बाहेर काढली होती. प्रत्येक वेळी मी कापडाची लांबी बघत होते. तेवढ्यात समोरून पिशवी खांद्याला, तोंडाला उपरणं गुंडाळून एक म्हातारा आला. चालीवरून ओळखलं, आमचा बाप असाच पाय फेकत चालायचा. सगळी सुरत पळून चाललेली आणि हा सुरतेच्या गाडीत बसून आला. डब्यात आपण एकटे होतो म्हणाला, टीसीने विचारलं बाबा, चुकून बसलात का. वेशीवर गावाने त्याला सांगितलं होतं, मेंबर, गेलात तर आम्ही बोलवेपर्यंत परत यायचं नाही, ठराव तुमचाच आहे. तो म्हणाला माहीत आहे, मीच सही केली. आणि निघाला. तुला त्याने अमळनेरला कोर्टाचं काम आहे असं सांगितलं म्हणे. पोरी, तुझ्या बापाला कोर्टाचं काम कधी होतं?

मी त्याला पहिलं वाक्य म्हटलं, पंचायत आली का तपासायला. तो माझ्या शेजारी फूटपाथवर बसला. मी लांब सरक म्हटलं, मला काय झालं असेल कोणाला ठाऊक. सरकला नाही. मग दोघांनी एका पुडीतले शेंगदाणे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, रक्तात मलेरिया सापडला, थुंकीत काही नाही. पुराच्या डासांचं काम. मला समजायला वेळ लागला, तिने दोनदा सांगितलं. मी तिला विचारलं मलेरियाने माणूस मरत नाही ना. ती म्हणाली औषध घेतलं तर नाही. प्रदीप रडला. तुझा बाप रडला. मी पोरीचे कपडे धुवायला नळ शोधत गेले, कोणीतरी काम करायला हवं ना.

ज्या घरात आम्ही बसलो होतो तिथं प्रदीप जाऊन आला. दाराला कुलूप आहे. इंदुबाई कुठं गेली, तिचा नवरा कसा आहे, गल्लीत विचारायला माणूसच नव्हता. ते मला सलतं. तिने आम्हाला पावसात उभं ठेवलं नाही.

गावाचा निरोप अजून नाही, म्हणून तुझा बाप इथंच. रात्री खोकतो, विडीचा खोकला आहे, त्याच्या तरुणपणापासून ऐकत आले, तरी दर वेळी माझा भाकरी थापता हात थांबतो. काल विशाखाला दाखवायला दवाखान्यात नेलं. रिक्षा सुरू झाल्यात, दुकानांची अर्धी शटरं वर झालीत. तपासून झाल्यावर तुझा बाप म्हणतो अक्का, एवढा आलोच आहे तर सुरत दाखव. मला म्हणतो! मी रिक्षावाल्याला म्हटलं चौकात ने. पोरीच्या तोंडाला रुमाल, मध्ये बसवली, आणि तापीकाठच्या किल्ल्यापाशी थांबलो. पोरगी थकली होती, म्हणून रिक्षातूनच नानाला सांगत होती, भिंती कोणी बांधल्या, तोफा कुठं होत्या, आत आता सरकारी कचेऱ्या आहेत. मी तिच्या कपाळावरून हात काढलाच नाही. गार होतं. तरी काढला नाही. भीती अशी औषधाच्या डोसाबरोबर संपत नाही, छाया, तुलाही आता हे वाचून धरेल, धरू दे. पण खोटं सांगून तुला झोपवायचं मला पटत नाही.

किल्ल्याचं फाटक बंद होतं. पहारेकरी म्हणाला साहेब लोक अजून परत आलेले नाहीत, आज काही उघडणार नाही. मी म्हटलं चला घरी. तुझा बाप खाली उतरून फाटकाच्या गजांतून आत वाकून बघत होता. मागे न वळताच म्हणाला, मग उद्या येऊ.

उद्या म्हणाला गं. या सगळ्या दिवसांत आमच्यापैकी कोणी तो शब्द तोंडातून काढला नव्हता.

बाळाला माझी पापी. तुझं दूध आणि तुझा राग दोन्ही सांभाळ, रागाची मला तू इथं आल्यावर गरज लागेल.

तुझी आत्या
रंभाबाई